पुरस्कारांच्या यादीवरून रेस्टॉरंट कसं निवडावं

वर्षाची यादी जाहीर झाली की मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांची टेबलं भराभर भरतात. तरी बुकिंगला हात घालण्याआधी ती यादी कोणी आणि कशी ठरवली, हे आधी बघा. कारण सगळे पुरस्कार एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि अपेक्षाभंग बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

मिशेलिनचं उदाहरण घ्या. टायर कंपनीने 1900 साली मोटारवाल्यांसाठी काढलेली ही पुस्तिका. रेस्टॉरंटांना तारे मिळू लागले 1926मध्ये आणि एक-दोन-तीन अशी उतरंड 1931पासून. निरीक्षक ओळख न सांगता जेवतात, बिल भरतात आणि पाच गोष्टी पाहतात: जिनसांचा दर्जा, स्वयंपाकाचं तंत्र, चवींचा मेळ, पदार्थांत दिसणारा शेफचा स्वभाव आणि सातत्य. खुर्च्या, पडदे, वेटरची अदब यांचा ताऱ्याशी संबंध नाही. त्यामुळे तारा मिळालेली जागा म्हणजे आठ-दहा खुर्च्यांचा अरुंद काउंटरही असू शकतो. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला निवांत गप्पा मारायच्या असतील तर फोटो पाहूनच ठरवा. बेताच्या खर्चात उत्तम जेवण हवं असेल तर ताऱ्यांच्या मागे न लागता त्याच पुस्तिकेतली ‘बिब गुरमाँ’ यादी उघडा. ती 1997पासून त्याचसाठी आहे, आणि आमच्या मते बहुतेकांच्या उपयोगाची तीच.

‘वर्ल्ड्स 50 बेस्ट’चा कारभार वेगळा. 2002मध्ये सुरू झालेल्या या यादीसाठी जगभरातले हजाराहून जास्त जाणकार मतं देतात. निकषांचा तक्ता नाही, तपासणी नाही. स्वतःच्या अनुभवावरून मत. साहजिकच, ज्या शहरात असे लोक वारंवार जातात तिथल्या जागा पुढे येतात आणि नवलाईला वजन मिळतं. एक बारकावा इथे हमखास निसटतो: 2019पासून, पहिला क्रमांक मिळवलेलं रेस्टॉरंट पुढच्या याद्यांतून बाहेर काढून वेगळ्या मानाच्या गटात ठेवतात. म्हणजे जुना विजेता यादीत दिसला नाही, तर तो घसरला असं समजू नका.

आता पुरस्कार कोणाला आहे ते बघा. मिशेलिनचा तारा रेस्टॉरंटचा असतो, शेफचा नव्हे. शेफ सोडून गेला तरी नवी आवृत्ती येईपर्यंत तारा दारावर राहू शकतो. अमेरिकेतल्या जेम्स बिअर्ड पुरस्कारांत मात्र शेफसाठी वेगळे आणि रेस्टॉरंटसाठी वेगळे गट आहेत. यादीतली नोंद ही आधीच्या काही महिन्यांतल्या जेवणांची असते. म्हणून बुकिंगआधी तीन गोष्टी तपासा: शेफ तोच आहे का, जागा तीच आहे का, आणि मेन्यू त्याच धाटणीचा आहे का.

टेबल मिळवायला थोडी युक्ती लागते. पुष्कळ ठिकाणी बुकिंग ठरावीक दिवस आधी, ठरावीक वेळेला खुलं होतं. ती वेळ संकेतस्थळावर बघून गजर लावा. निकाल जाहीर व्हायच्या आत बुकिंग केलंत तर उत्तमच. टेबल नाहीच मिळालं तर रद्द करण्याच्या मुदतीवर नजर ठेवा. समजा 48 तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येत असेल, तर लोक दंड टाळायला नेमकं त्याच्या थोडं आधी बुकिंग सोडतात. म्हणजे जेवणाच्या दोन-तीन दिवस आधी पुन्हा बघा. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारचं जेवण मिळत असेल तर जरूर घ्या. स्वयंपाकघर तेच, कोर्स कमी आणि बिलही बहुधा हलकं.

बुकिंग करतानाच पथ्य लिहून कळवा, आणि नेमकं लिहा. ‘शाकाहारी’ एवढंच पुरत नाही. सॉसमध्ये मांसाचा किंवा माशांचा स्टॉक (हाडं उकळून काढलेला रस) चालेल का, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेला, पदार्थ घट्ट करणारा घटक) चालेल का, अंडं चालेल का, तेही सांगा. स्टॉक उकळून आधीच तयार असतो आणि तो अनेक पदार्थांत जातो. टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर स्वयंपाकघराला सॉस काढून टाकण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही, आणि तुमच्या वाट्याला अर्धवट पदार्थ येतो. ॲलर्जी आणि नावड वेगवेगळी लिहा.

दहा-बारा कोर्सच्या टेस्टिंग मेन्यूला, म्हणजे शेफने ठरवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांच्या जेवणाला, तीन तास धरा. दिवसभर उपाशी राहून जाऊ नका. भुकेपोटी सुरुवातीलाच ब्रेड दोन-तीनदा मागवला जातो आणि मुख्य पदार्थापर्यंत पोट भरतं. वाइनच्या जोडणीचाही, म्हणजे पदार्थांबरोबर येणाऱ्या वेगवेगळ्या वाइनचाही, हिशेब आधी करा: 75 मिलिलीटरचे सहा ग्लास म्हणजे 450 मिलिलीटर, बाटलीच्या निम्म्याहून जास्त. अर्ध्या मापाची किंवा बिनमद्याची जोडणी आहे का, हे विचारण्यात कमीपणा नाही. अत्तर लावून जाऊ नका. शेजारच्या टेबलावरच्या पदार्थांचाही वास त्यात दबून जातो.

पारख करायची तर प्लेटच्या कडेला बोट लावून बघा. गरम पदार्थाची प्लेट कोमट हवी. प्लेट थंड असेल तर मांसाच्या रसाचा सॉस पाहता पाहता निवतो, त्यातलं जिलेटिन घट्ट होऊ लागतं आणि वर चकचकीत साय धरते. तशी साय दिसली तर प्लेट बहुधा स्वयंपाकघराच्या खिडकीत वाट बघत पडली होती. त्याच टेबलावर दोघांनी एकच पदार्थ मागवला असेल तर एकमेकांचा घास चाखा. मीठ आणि शिजणं दोन्हीकडे सारखं लागलं, तर निरीक्षक ज्याला सातत्य म्हणतात ते तुमच्यासमोर आहे.

बिल आल्यावर दोन ओळी वाचा: सेवाशुल्क आधीच धरलंय का, आणि बुकिंगच्या वेळी भरलेली आगाऊ रक्कम वजा केलीय का. टीपचं त्यानंतर ठरवा.