सेकंडहँड अ‍ॅम्प घरी दुरुस्त करताय? किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी या चुका टाळा

मागच्या श्रावणात एका मंडपवाल्याकडून बाराशे रुपयांना जुना स्टिरिओ अ‍ॅम्प घेतला. "चालू आहे, फक्त डावी बाजू मधूनमधून जाते," एवढंच तो म्हणाला. वाडीच्या भजनाला लावायचा विचार होता. शेजारचे काका रोज गडग्यावरून विचारायचे, "झिला, चतुर्थीपर्यंत होतलो मां?" झाला, पण करायच्या तेवढ्या सगळ्या चुका माझ्या करून झाल्यावर.

आणला की लावला प्लगला

ही पहिली चूक आणि सर्वांत महागडी. महिनोन्‌महिने बंद पडलेल्या अ‍ॅम्पच्या आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही. माझ्यात फ्युजच्या जागी वायरची एक तार पिळून बसवली होती आणि ट्रान्सफॉर्मरच्या मागे पालीची दोन अंडी होती. फ्युज उडतोय म्हणून तार घालणारा माणूस पुढच्या माणसाचा ट्रान्सफॉर्मर जाळायची सोय करून ठेवतो.

आधी झाकण उघडा, नाकाने आणि डोळ्यांनी बघा. फुगलेले कंडेन्सर, काळे पडलेले रेझिस्टर, जळका वास. फ्युज होल्डरवर किंवा मागच्या पट्टीवर लिहिलेल्या रेटिंगचाच घाला. मग सिरीज बोर्ड करा, म्हणजे फेजच्या वायरमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी बल्ब इथे कुचकामी, हे मी स्वतः करून बघितलंय. अ‍ॅम्प ठीक असेल तर बल्ब क्षणभर भडकतो आणि मंद होतो. भडकलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. हा बल्ब अ‍ॅम्पला वाचवतो, तुम्हाला नाही. शॉक तितकाच बसतो.

आत हात घालायच्या आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मोठे कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेले असतात. १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या चिमट्यात धरून प्रत्येकाच्या दोन टोकांवर पाचेक सेकंद टेकवा, मग मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची हौस अनेकांना असते. त्यात कंडेन्सरचंही नुकसान होतं आणि स्क्रूड्रायव्हरचंही.

स्पीकर आधीच जोडून ठेवणं

पहिल्या चाचणीला स्पीकर नकोच. मीटर डीसी मिलीव्होल्टवर ठेवून प्रत्येक बाजूच्या स्पीकर टर्मिनलवर बघा. अ‍ॅम्पमध्ये प्रोटेक्शन रिले, म्हणजे बिघाड झाला की स्पीकर तोडणारा विजेवर चालणारा स्विच, असेल तर रिलेच्या अलीकडे, म्हणजे बोर्डाच्या बाजूला बघा. काही मिलीव्होल्ट असले तरी चालतं. शंभराच्या वर गेले तर शंका घ्या. पंचवीस-तीस व्होल्ट दिसले तर बहुतेक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे, आणि तो डीसी स्पीकरची कॉइल काही सेकंदांत जाळतो.

आवाज जातो म्हणून ट्रान्झिस्टर बदलणं

डावी बाजू जाते म्हटल्यावर मी थेट ५२०० आणि १९४३ या नंबरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी आणली. ही जोडी बाजारात डुप्लिकेट फार मिळते. मी आणलेली अस्सल होती की नाही, देव जाणे. मीटरच्या डायोड मोडवर तपासायची तसदीही घेतली नाही. काढलेले ट्रान्झिस्टर नंतर तपासले तर सगळे ठणठणीत! घाईत एका ट्रान्झिस्टरखालचा, वीज अडवणारा अभ्रकाचा पापुद्रा तुटला होता, तो तसाच दाबून बसवला. या ट्रान्झिस्टरची पाठ म्हणजे त्याचा कलेक्टर, तो हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला, चिकटला की शॉर्ट. सिरीजचा बल्ब खोलीभर लखलखला आणि माझे पैसे वाचले.

ट्रान्झिस्टर खरोखर बदलावे लागलेच तर बायस, म्हणजे आवाज नसतानाही त्यांच्यातून वाहणारा थोडा करंट, पुन्हा लावा. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ५ मिलीव्होल्ट म्हणजे साधारण २३ मिलिअँपिअर. बऱ्याच अ‍ॅम्पना एवढ्यावर सुरुवात चालते, पण सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर त्यातलाच आकडा धरा. सिरीजचा बल्ब काढून, अ‍ॅम्प दहा मिनिटं गरम होऊ द्या आणि मग शेवटचा मेळ लावा.

तर दोष होता रिलेत. खूण तशी सोपी होती, मीच कान दिला नाही. व्हॉल्यूम कमी असताना डावी बाजू गायब, नॉब झटक्यात मोठा केला की परत हजर. जास्त करंट कॉन्टॅक्टवरच्या ऑक्साईडच्या थरातून वाट काढतो. पारदर्शक टोपी ब्लेडने उचकटली, आत दोन तिळाएवढे ठिपके, एक चांदीसारखा आणि दुसरा तव्यासारखा काळा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच इथे होतं. खारी हवा बोर्डावर बसते, ओल ओढते आणि धातू खाते. तांब्यावर हिरवी, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर बाजारातून पार्ट आणण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घ्या.

कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा निघतो. कार्डशीटची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून, कॉन्टॅक्टमध्ये धरून ओढली की गणपतीपुरतं काम होतं. नंतर त्याच कॉइल व्होल्टेजचा आणि तेवढ्याच पिनांचा नवा रिले बसवा.

खरखर आणि घूं

नॉब फिरवताना खरखर येत असेल तर व्हॉल्यूम पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लिनर मारून तो वीसेक वेळा फिरवा. खोबरेल तेल नको, त्यावर धूळ बसते. नॉबला हात न लावता खरखर येत असेल तर लाकडी काडीने बोर्डावर हळू टकटक करत जा. जिथे टकटक केल्यावर आवाज बदलेल, तिथला डाग ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डरचा जोड, समजा.

घूं असा आवाज जुन्या फिल्टर कंडेन्सरमुळेही येतो, मोबाईलच्या चार्जरमुळेही येतो. आधी इनपुटची पिन काढून बघा. तेवढ्याने आवाज थांबला तर अ‍ॅम्प निर्दोष आहे. आवाज घालवायला अर्थिंगची पिन कापायची कल्पना मात्र सोडून द्या. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून ज्या लोखंडी डब्याला हात लावायचाय, तो बिनअर्थिंगचा ठेवणं म्हणजे यमाला आमंत्रण.

चतुर्थीच्या आदल्या रात्री दोन्ही बाजू वाजल्या. काका आले, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "बुवाचो आवाज जरा कमी कर, मृदंग खंय ऐकूक येता?"