विफ, व्हीपीयू, नेफ: तक्त्यात नसलेला रकाना

एचआयव्हीची सहायक प्रथिनं, म्हणजे पेशीचे बचाव मोडायला विषाणू बाळगतो ती छोटी प्रथिनं, बहुतेक जण तक्त्यावरून पाठ करतात: एकीकडे विषाणूचं प्रथिन, समोर ते पेशीतल्या ज्या प्रथिनाला नमवतं ते. विफसमोर ॲपोबेक३जी, व्हीपीयूसमोर टेथरिन, नेफसमोर एमएचसी वर्ग १. तोंडी परीक्षेत यावर पहिला प्रश्न निभावतो, दुसऱ्याला बोबडी वळते. तक्ता खोटा नसतो. त्यात कुठल्या पेशीत काय घडतं हा रकाना नसतो, आणि मला सगळ्यात जास्त छळलं ते त्यानंच.

विफचंच घ्या. ज्या पेशीत विषाणू तयार होतो तिथं ॲपोबेक३जी नुसतं नव्या कणात शिरून बसतं. खरा घाव पुढच्या पेशीत. तिथं आरएनएवरून डीएनए बनू लागला की त्या पहिल्या धाग्यातल्या सायटोसिन या अक्षराचं ते युरासिल करतं, मग दुसऱ्या धाग्यात जी-च्या (ग्वानिन) जागी ए (ॲडेनिन) येत जातात आणि जनुकं निकामी होतात. विफला मात्र आधीच्याच पेशीत हात चालवावा लागतो. प्रथिनांवर 'नष्ट करा' अशी खूण लावणारी पेशीची कलिन-५ यंत्रणा आणि सीबीएफ-बीटा हे मानवी प्रथिन हाताशी धरून ते ॲपोबेक३जीला प्रोटिअसोमच्या, म्हणजे प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राच्या, तोंडी देतं.

पुन्हा सांगते, कारण इथंच पाय घसरतो: घाव पुढच्या पेशीत, बचाव आधीच्या. विफ नसलेला विषाणू २९३टी या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत बनवलात तर तो खुशाल संसर्ग करेल, कारण त्या पेशींत ॲपोबेक३जी जवळपास नसतंच. म्हणून 'विफची गरज नाही' असा निष्कर्ष काढू नका. फ्लास्कवरचं लेबलही नीट वाचा. सीईएम या प्रयोगशाळेतल्या टी पेशींत विषाणूचं विफविना चालत नाही, त्यांच्याच सीईएम-एसएस या प्रकारात चालतं. नावात दोन अक्षरांचा फरक, पण २००२ मध्ये ॲपोबेक३जी सापडलं ते याच दोन पेशींची तुलना करून.

कुठल्या पेशी, का, हे न सांगता नुसता प्रोटोकॉल हातात ठेवणारा सीनियर मार्गदर्शक नव्हे. आणि ॲनिमेशन बघून विषय कळल्यासारखं वाटतं, तेवढंच.

पण धीर सोडू नका, एकदा हे बसलं की बाकीचं पटापट लागतं. टेथरिन (हे काम ओळखलं गेलं २००८ मध्ये) बाहेर पडणाऱ्या कणांना त्याच पेशीच्या पृष्ठभागावर जखडतं. हेला या प्रयोगशाळेतल्या पेशींत ते असतं, म्हणून तिथं विषाणूचं व्हीपीयू काढलं की पेशींत पी२४ (विषाणूच्या कवचाचं प्रथिन) भरपूर, वरच्या द्रवात कमी. नेफ एचएलए-ए आणि बी (माणसातली एमएचसी वर्ग १ प्रथिनं, पेशीच्या आतले तुकडे बाहेर दाखवणारी) पृष्ठभागावरून हटवतं, म्हणजे मारक टी पेशींना संसर्ग दिसत नाही. एचएलए-सीला ते सहसा हात लावत नाही. सगळंच हटवलं तर एचएलए नसलेल्या पेशींना मारणाऱ्या एनके (नॅचरल किलर) पेशी तुटून पडतील.

एसएएमएचडी१ हे पेशीचं आणखी एक बचावाचं प्रथिन आलं की समोर 'व्हीपीएक्स' (त्याला मोडणारं विषाणूचं प्रथिन) लिहिण्याचा मोह होतो. थांबा, एचआयव्ही-१ कडे व्हीपीएक्स नाही. ते एचआयव्ही-२ कडे आहे. एसएएमएचडी१ लक्ष्य पेशीतच डीएनटीपी (डीएनए बांधायचे घटक) संपवतं, म्हणून व्हीपीएक्सला कणात बसूनच आत यावं लागतं. विफच्या नेमकं उलट!

व्हीपीआर हे उरलेलं सहायक प्रथिन डोक्यात बसत नसेल तर घाबरू नका. ते पेशीचक्र जी२ टप्प्यावर, म्हणजे विभाजनाच्या ऐन आधी, अडवतं हे पक्कं, पण त्यातून विषाणूला नेमका काय फायदा, यावर जाणकारांचंही एकमत नाही.