पायाचा एकच पट्टा बधिर झालाय? आधी बॉलपेन घ्या

"मना पाय बधिर व्हई गया" एवढंच सांगितलं की आपल्याकडे माणूस थेट कंबरेच्या एमआरआयला जळगाव नाहीतर धुळ्याला पळतो. जरा थांबा. कापसाचा बोंडाएवढा गोळा घ्या (आपल्याकडे कापसाला काय तोटा), डोळे मिटून पायावरून फिरवा, जिथे कमी कळतं तिथे पेनाने रेघ मारत जा आणि मग मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरला अर्धं निदान त्या फोटोतच दिसतं.

गुडघ्याखाली आतल्या बाजूने घोट्यापर्यंत बधिर असेल तर ती सॅफेनस नस (नस म्हणजे इथे संवेदना नेणारी नर्व्ह, रक्ताची शीर नव्हे), आणि मग आठवा की व्हेरिकोज व्हेनचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का, बायपाससाठी पायातली शीर काढलीय का, कारण ती नस त्या शिरेला चिकटूनच खाली जाते. पावलाची बाहेरची कड आणि करंगळी असेल तर सुरल नस. नडगीची खालची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर असेल तर सुपरफिशियल पेरोनियल नस, पाय मुरगळल्यावर किंवा घट्ट गमबुटाने ही दुखावते. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यातच बधिर असेल तर डीप पेरोनियल नस.

आता टाचेवर चालून बघा. पंजा उचलला जात नसेल तर मामला नुसत्या संवेदनेचा नाही, ताकदही गेलीय, निंदणीला तासन् तास उकिडवं बसणाऱ्यांची गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते ती अशी.

दोन्ही पायांना मोजे घातल्यासारखं वाटतं? मग शुगर आणि बी-१२ तपासा, शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ नक्कीच. बधिर जागी फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर लाजू नका, कुष्ठरोगाची तपासणी करा, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि पूर्ण बरं होतं.

नसांची करंट लावून टेस्ट असते ती एनसीएस (नर्व्ह कंडक्शन स्टडी), पण मार लागल्यावर दुसऱ्याच दिवशी करू नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या नाहीतर पैसे वाया. दोन्ही पायांची करायला सांगा, सॅफेनसचा सिग्नल चांगल्या माणसातही कधीकधी येत नाही म्हणून दुसऱ्या पायाशी ताडून बघावं लागतं. आणि बधिरपणा असूनही त्या जागेचा सेन्सरी (संवेदनेच्या नसेचा) रिपोर्ट नॉर्मल आला तर मात्र नस मणक्यात दबल्याचा संशय येतो, तेव्हा खुशाल कंबरेचा एमआरआय करा.

जांघेत, बसायच्या जागी बधिर वाटतंय किंवा लघवी अडकलीय तर हे पेन-कापूस सगळं सोडा आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.