हॉट-वायरने पाइपमधला टर्ब्युलन्स मोजताना या चुका टाळा

पाइपमधल्या हवेचा टर्ब्युलन्स, म्हणजे वेगातले अनियमित चढउतार, हॉट-वायरने (विजेने तापवलेल्या बारीक तारेने, जिची उष्णता हवा किती नेते त्यावरून वेग कळतो) मोजताना आकडे विचित्र आले की संशय आधी प्रोबवर, म्हणजे तार बसवलेल्या दांडीवर, जातो. दोष मात्र बहुतेक वेळा कॅलिब्रेशनमध्ये (तारेचे रीडिंग माहीत असलेल्या वेगांशी जुळवून घेण्यात) असतो, आणि पुण्यात त्याला दोन गोष्टी विशेष कारणीभूत होतात.

पहिली म्हणजे तापमान. मार्चमध्ये सकाळच्या गारव्यात कॅलिब्रेशन उरकून मुख्य रीडिंग जेवणानंतर घेणे सोयीचे वाटते, पण तोवर हवा दहा-बारा अंशांनी तापलेली असते. स्थिर-तापमान पद्धतीत टंगस्टनची तार साधारण 200 ते 250 अंश सेल्सिअसवर राखली जाते आणि तिच्यातून निघणारी उष्णता तार व हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. त्यामुळे हवा एका अंशाने तापली तरी वेग सुमारे दोन टक्के कमी भासतो. ब्लोअरही हवा तापवतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून ब्लोअर आधी चालवून तापमान स्थिरावू द्यावे, प्रत्येक रीडिंगसोबत हवेचे तापमान नोंदवावे आणि शेवटी कॅलिब्रेशनचे दोन-तीन बिंदू पुन्हा घ्यावेत. ते जुळले नाहीत तर मधली सगळी रीडिंग संशयास्पद धरावीत.

दुसरी गोष्ट घनतेची. कॅलिब्रेशनसाठी पिटो नळीवरून (दाबातील फरकावरून हवेचा वेग देणाऱ्या नळीवरून) वेग काढताना पुस्तकातली 1.225 किलोग्रॅम प्रति घनमीटर ही घनता सर्रास वापरली जाते, पण ती समुद्रसपाटीची आणि 15 अंशांची आहे. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने 30 अंशांना घनता 1.09 च्या आसपास येते, आणि जुना आकडा वापरल्यास वेग पाच-सहा टक्के कमी निघतो. टर्ब्युलन्सची टक्केवारी हे चढउतार आणि सरासरी वेग यांचे गुणोत्तर असल्याने त्यात हा दोष दिसत नाही. रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा आकडा) मात्र चुकतो.

पाइपच्या भिंतीला अगदी खेटून घेतलेल्या रीडिंगवर विसंबू नये. तारेची उष्णता भिंतीकडेही जात असल्याने तिथे वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. तारेचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजण्याचा मोहही आवरावा, कारण पाच मायक्रॉनची तार त्याच्या प्रवाहाने जळू शकते.

पूर्ण विकसित प्रवाहात (पुढे जाताना वेगाची रचना बदलत नाही अशा प्रवाहात) पाइपच्या मध्यावर टर्ब्युलन्स साधारण तीन-चार टक्के असतो. तो बराच जास्त आला, तर स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती चढउतार आहेत त्याच्या आलेखात) 50 हर्ट्झला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या वारंवारतेला, टोक आहे का ते पाहावे. असल्यास अर्थिंग आणि केबलची जोडणी आधी तपासावी, प्रोब नंतर.