शोकेससाठी बोकडाची कवटी साफ करताय? या चुका टाळा

कुकर रश्शासाठी असतो. कवटी त्यात घालायची नसते, हे सांगून माझा घसा बसायची वेळ आली.

ओळखीतल्या एका कॉलेजच्या पोराने मुंडी सरळ कुकरला लावली आणि भरपूर शिट्या केल्या. संध्याकाळी पांढरी कवटी हातात घेऊन फोटो! वाळल्यावर खरं रूप दिसलं. नाकाची पातळ हाडं वाकडी, दाढांना उभे तडे, कपाळावर पिवळे डाग. उकळल्यावर हाडातलं कोलॅजेन, म्हणजे हाड धरून ठेवणारं प्रथिन, जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं आणि वितळलेली चरबी हाडात आणखी मुरते. डाग घालवायला पठ्ठ्याने संडासाचं ब्लीच ओतलं. ब्लीचने उरलंसुरलं कोलॅजेनही खाल्लं. बोट फिरवलं की खडूसारखी पूड. एका दिवसाची घाई, दुसरं काही नाही.

मी झाकणाच्या बादलीत साधं पाणी घेते, मुंडी त्यात बुडवते आणि बादली गच्चीच्या कोपऱ्यात ठेवते. मांस सोडवायचं काम जिवाणू करतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे, थंडीत बरेच जास्त. वास येतो, येणारच. पण वासाला कंटाळून रोज सगळं पाणी फेकू नका, जिवाणूही त्यासोबत जातात. मी अर्धंच बदलते. ज्यांना वास झेपत नाही त्यांनी लाकडी हरीण विकत घ्यावं.

पाणी चाळणीतूनच ओता. खालच्या जबड्याचे पुढचे दात सैल होऊन गळतात आणि थेट मोरीत जातात. वरच्या जबड्यात पुढचे दात बोकडाला नसतातच, ते शोधत बसू नका.

खाटकाला आधीच सांगा: भाजू नको, भेजा काढायला फोडू नको, शिंगं तोडू नको. न सांगता मुंडी आणली तर ती भाजलेली आणि दुभंगलेलीच मिळणार.

चरबी काढायचा टप्पा सगळे गाळतात, आणि सहा महिन्यांनी शोकेसमधली कवटी पिवळी, मेणचट होते. भांडी घासायचं लिक्विड आणि हाताला सोसेल इतकं कोमट पाणी, त्यात कवटी भिजत ठेवा. गढूळ झालं की बदला. मला महिना-दीड महिना सहज लागतो, डुकराच्या डोक्याला त्याहून कितीतरी जास्त.

शिंगांवरची टरफलं सुटली की बाजूला ठेवा, शेवटी पांढरं करायच्या पेरॉक्साइडमध्ये घालू नका.

जंगलात सापडलेली चितळाची किंवा वानराची कवटी घरी आणू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. माळावर अचानक मेलेल्या गुराचं डोकंही नको, काळपुळीची शंका असते.

शेवटी पांढरं करायला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. 6 टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी मिसळा, हातमोजे घाला. आणि कवटी बुडवलेल्या बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठून ती फुटते.