थायरॉइडच्या गाठीचा नमुना मायक्रोआरएनए तपासणीसाठी पाठवताना

शस्त्रक्रियेत काढलेली गाठ यवतमाळ-गडचिरोलीहून नागपूरला पाठवायची असेल तर कडांना आधी शाई लावा, मग अर्धा सेंटिमीटरचे काप द्या. अख्खी ठेवली तर फॉर्मालिन (ऊती टिकवणारं द्रावण) आत पोचत नाही, मधला भाग सडतो, आणि मे महिन्यात तर लवकरच. फॉर्मालिन 10 टक्के, बफर्ड (आम्लता स्थिर ठेवलेलं), ऊतीच्या दहापट. 72 तासांच्या आत ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा ठोकळा) व्हावा. मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांचं काम दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे, जेमतेम 22 अक्षरांचे, म्हणून ब्लॉकमध्येही बऱ्यापैकी टिकतात. थायरॉइडच्या पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगात 146बी, 221 व 222 क्रमांकांचे मायक्रोआरएनए वाढलेले दिसतात. शेवटचे दोन पेशीविभाजन रोखणारं पी27 प्रथिन दाबतात. 146बी जास्त असेल तर ग्रंथीबाहेर पसरण्याची शक्यता वाढते. तरी मानेची सोनोग्राफी टाळू नका, लिम्फ गाठी तिथेच दिसतात.