तसबिरीतला देव कसा वाचावा

लक्ष्मी कशी दिसते, असे कुणी विचारले तर उत्तर द्यायला आपल्याला क्षणभरही लागत नाही, आणि तरीही ते उत्तर कुठून आले हे बहुतेकांना सांगता येत नाही. ते बहुधा एखाद्या छापील चित्रातून आलेले असते. डोळ्यांपुढचे रूप कोणत्या वाटेने तिथे पोहोचले याचा माग घरबसल्या काढता येतो. लागते ती एक जुनी तसबीर, एक भिंग, कागद-पेन आणि साधारण दोन तासांची सवड. देवघरातली तसबीर उतरवण्यापूर्वी घरातल्या थोरांची परवानगी घ्यावी. निदान माझ्या घरी तरी ही पायरी टाळण्याजोगी नव्हती.

आरंभ तसबिरीकडे न पाहता करावा. डोळे मिटून देवतेला आठवावे आणि जे दिसेल ते तपशीलवार लिहून काढावे: हात किती, हातांत काय, वस्त्र कोणते, ते कसे नेसलेले, दागिने, वाहन, मागचा देखावा. माझ्या यादीत चार हात, दोन कमळे, काठापदराची साडी, पायांखाली कमळ, बाजूला हत्ती, मागे पाणी आणि मनगटांत हिरवा चुडा असे उतरले. यादी आधी करण्याचे कारण असे की, चित्र एकदा समोर आले की आठवण लगेच त्याच्यासारखी होते आणि मग दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

आता तसबीर उजेडात घ्यावी. खालच्या समासात बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते. पुष्कळदा ते चौकटीच्या पट्टीखाली दडलेले सापडते. दमट हवेने जुना कागद काचेला चिकटलेला असेल तर तो सोडवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण कागदावरचा रंग काचेवर राहतो. अशा वेळी तिरकस उजेडात फोटो काढून तो मोठा करून पाहावा. नंतर भिंग गालावर धरावे. शिळाछापाच्या चित्रात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरलेली असते आणि ठिपके दाणेदार, वेडेवाकडे दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत गुलाबी, निळे, पिवळे आणि काळे ठिपके शिस्तीत रांगेने बसलेले असतात. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून रोगण दिलेली जुनी छापील चित्रे ओलिओग्राफ म्हणून ओळखली जातात. राजा रविवर्मा यांनी अशाच चित्रांसाठी १८९४ मध्ये मुंबईत जर्मन यंत्रांचा छापखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची लक्ष्मी आणि वीणा वाजवणारी सरस्वती ही दोन्ही चित्रे १८९६ च्या सुमाराची, आणि आज दिवाळीच्या पूजेच्या पुडीवर जी लक्ष्मी असते तिची ठेवण पुष्कळदा त्या चित्रापर्यंत मागे नेता येते.

यापुढचे काम सर्वांत वेळखाऊ आणि माझ्या मते सर्वांत आनंदाचे आहे. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे दोनपैकी एक खूण करावी: ही परंपरेने सांगितलेली ओळख आहे, की चित्रकाराने घातलेली भर आहे? निवाड्यासाठी एखादे जुने शिल्प पाहावे. वेरूळच्या कैलास लेण्यात, म्हणजे सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात, आत शिरताच समोर गजलक्ष्मीचा मोठा शिल्पपट आहे. आठव्या शतकातल्या या लेण्यात ती कमळांनी भरलेल्या तळ्यात बसलेली आहे आणि हत्ती तिच्यावर पाणी ओतत आहेत. म्हणजे कमळ आणि हत्ती जुनेच. पण काठापदराची साडी, उभे राहण्याची ढब, गालांवरची छायाप्रकाशाची गोलाई आणि पाहुण्यांकडे पाहावे तशी समोरची नजर ही युरोपीय तैलरंगांची रीत आत्मसात केलेल्या एका चित्रकाराची देणगी आहे. चित्राला खोटे ठरवावे, असा याचा अर्थ मी घेत नाही. तिथल्या शिल्पकारानेही आपल्या काळाचेच वळण दगडाला दिले होते.

प्रत्येक वेळी उत्तर चित्रकाराच्याच दारात जाईल असे मात्र धरून चालू नये. दत्ताची तीन शिरे आणि सहा हात तुकोबांच्या अभंगातच आहेत, त्यामुळे ते कॅलेंडरवाल्याच्या माथी मारता येत नाहीत. उलट महानुभाव पंथाचे श्रीदत्तात्रेय एकमुखी आहेत, आणि त्या घरात वाढलेल्या मुलाला तीन शिरांचा दत्त परका वाटू शकतो.

नंतर हे चित्र कोणापर्यंत पोहोचले, हेही विचारावे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला, हे ध्यानात घेतले की छापील देवाचे मोल निराळे दिसू लागते: ज्यांना गाभाऱ्याची पायरी बंद होती, त्यांच्याही भिंतीवर तो येऊ शकत होता, आणि ज्याला दुसरे रूप पाहायलाच मिळाले नाही त्याच्यासाठी तेच रूप खरे ठरले.

पडद्याचा मागही याच रीतीने काढावा. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी रविवर्मा छापखान्यासाठी काम करत होते, तेव्हा कागदावरचा देव पडद्यावर गेला त्यात नवल नाही. तुकोबा सतराव्या शतकातले. त्यांच्या हयातीत कॅमेरा नव्हता. तरीही प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीसांनी तुकोबा उभे केले, आणि कित्येकांच्या मनात तुकोबांचा चेहरा तोच होऊन बसला. हे घडायला दर वेळी पिढ्या लागतातच असे नाही. गाड्यांच्या मागच्या काचेवर दिसणारा भगव्या-काळ्या रंगांतला कपाळाला आठ्या घातलेला हनुमान करण आचार्य या केरळमधल्या चित्रकाराने २०१५ मध्ये संगणकावर काढला. आज शाळकरी मुलाला मारुती काढायला सांगून पाहावे, तो बहुधा हात जोडलेल्या दासमारुतीऐवजी त्याच आठ्या काढील.

शेवटी पहिला कागद पुन्हा घ्यावा आणि प्रत्येक ओळीपुढे तिचे मूळ लिहावे: शिल्प, अभंग, छापखाना, चित्रपट, फोन. एखादी ओळ कुठेच बसली नाही तर ती खोडू नये, तसबिरीकडे पुन्हा जावे. माझा हिरवा चुडा असाच उरला होता. तो शिल्पात नव्हता आणि समासातही त्याचा काही पत्ता नव्हता. भिंग मनगटावर धरले तेव्हा ठिपके दिसलेच नाहीत. दिसल्या त्या बारीक हिरव्या टिकल्या, आणि त्यांच्या कडेने पिवळट पडलेला डिंक. जुन्या तसबिरींना जर-टिकल्या लावून सजवण्याची चाल होती, हे मला ठाऊक होते. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “सासूबाईंनी लावल्यात. लक्ष्मीचे हात मोकळे बरे दिसत नाहीत म्हणायच्या.”